चालण्याचा नेम का मोडतो? खान्देशातल्या उन्हापावसात या चुका टाळा

दिवाळी आटोपून थंडी पडू लागली की जळगावात मेहरूण तलावाच्या काठावर आणि धुळ्यात पांझरेच्या बाजूच्या रस्त्यांवर पहाटे चालणाऱ्यांची गर्दी वाढते. नवे बूट, नवी कानटोपी, मनगटावर पावले मोजणारे घड्याळ असा सगळा सरंजाम दिसतो. होळीच्या सुमारास ही गर्दी विरळ होऊ लागते आणि आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, बहुतेक जुनेच चेहरे उरतात. ज्यांनी सोडले त्यांना आळशी ठरवणे सोपे आहे. मात्र त्यांना विचारले तर कुणाची टाच धरलेली असते, कुणाला उन्हात घेरी आलेली असते, तर कुणाचे वजन तीन महिन्यांत किलोभरसुद्धा उतरलेले नसते. ही कारणे खरी असतात आणि त्यांतली बहुतेक पहिल्या काही आठवड्यांतल्या चुकांतून आलेली असतात. त्या वेळीच ओळखल्या तर नेम टिकतो आणि चालण्याचे जे लाभ ऐकून आपण घराबाहेर पडलो ते पदरात पडतात.

हे लाभ ऐकीव नाहीत. 1953 साली जेरी मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लंडनच्या दुमजली बसगाड्यांवरील कर्मचाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दिवसभर जिने चढउतार करणाऱ्या कंडक्टरांपेक्षा बसून गाडी हाकणाऱ्या चालकांमध्ये हृदयविकाराचे प्रमाण जास्त आढळले, आणि शारीरिक हालचालीचा हृदयाशी असलेला संबंध तेव्हापासून गांभीर्याने तपासला जाऊ लागला. आपल्याकडे चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांच्या चमूने 2006 साली मांडलेले निष्कर्ष तर प्रत्येक मधुमेही घराण्याने लक्षात ठेवावेत असे आहेत. साखर सीमारेषेवर असलेल्या लोकांनी आहार सुधारला आणि रोज अर्धा तास झपाझप चालण्यासारखी हालचाल केली, तेव्हा तीन वर्षांत मधुमेह जडण्याचा धोका सुमारे 28 टक्क्यांनी घटला. मेटफॉर्मिन ही गोळी घेणाऱ्या गटातही घट जवळपास तेवढीच होती. नियमित चालण्याने रक्तदाबाचा वरचा आकडा सरासरी चार अंकांनी उतरतो, झोप सुधारते, बद्धकोष्ठ कमी होते, मन हलके राहते आणि म्हातारपणी पडण्याची भीती घटते. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रौढ माणसाने आठवड्यात 150 ते 300 मिनिटे मध्यम जोराची हालचाल करावी. पूर्वी सलग दहा मिनिटांपेक्षा कमी चालणे हिशेबात धरले जात नसे. ती अट आता गेली आहे, त्यामुळे बाजारात जाता-येताना चाललेली सात मिनिटेही जमेत येतात.

पहिल्याच आठवड्यातला अतिउत्साह

ज्याने दहा वर्षे दुकानाच्या गादीवर बसून काढली तो पहिल्याच दिवशी पाच किलोमीटर चालून येतो आणि त्या दिवशी त्याला काहीच होत नाही. फसगत होते ती इथेच. हृदय आणि फुप्फुसे नव्या श्रमाला लवकर सरावतात, दम लागणे काही आठवड्यांत कमी होते. स्नायूंना हाडांशी बांधणारे कंडरे, तळपायाचा पडदा आणि नडगीचे हाड यांना मात्र बळकट व्हायला त्याहून कितीतरी जास्त वेळ लागतो. म्हणून दमाची तक्रार नसताना नडगी ठणकू लागते आणि तिसऱ्या आठवड्यात माणूस घरी बसतो.

पहिल्या आठवड्यात रोज दहा ते पंधरा मिनिटे पुरेत. त्यानंतर दर आठवड्याला पाच मिनिटे वाढवत गेले तर दीड-दोन महिन्यांत चाळीस मिनिटांची मजल कुठलीही दुखापत न होता गाठता येते. पहिली पाच मिनिटे सावकाश, मधली वेगाने आणि शेवटची पाच पुन्हा सावकाश, असा क्रम ठेवावा. घाई करणाऱ्याला हे कंटाळवाणे वाटेल, पण दुखावलेली टाच बरी होण्यात सहा महिने जातात हे ज्याने भोगले आहे त्याला हा कंटाळा स्वस्त वाटतो.

हाच नियम सप्तशृंगगडाच्या पायी यात्रेलाही लागू आहे. चैत्र पौर्णिमेच्या यात्रेसाठी धुळे, जळगाव, नंदुरबारकडून हजारो भाविक ऐन उन्हात वणीच्या वाटेला लागतात आणि त्यांतले कित्येक जण वर्षभर बसस्टँडपर्यंतही चाललेले नसतात. ज्यांना जायचे आहे त्यांनी किमान महाशिवरात्रीपासून चालण्याचा सराव धरावा, आठवड्यातून एक दिवस लांब पल्ला मारावा आणि यात्रेत घालायचे बूट किंवा सँडल आधीच पायात रुळवून घ्यावेत. अनवाणी जाण्याचा नवस असेल तर निदान दुपारच्या डांबरी रस्त्यावरून चालू नये. मधुमेह्याने तर हा नवस बोलूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

दहा हजार पावलांचा धसका

मोबाईलमध्ये दहा हजारांचा आकडा दिसला नाही म्हणून रात्री अकरा वाजता घरातल्या घरात येरझारा घालणारी माणसे आता खेड्यांतही दिसतात. हा आकडा कुठल्याही वैद्यकीय संशोधनातून आलेला नाही. टोकियो ऑलिंपिकनंतर, 1965 साली, जपानमधल्या एका कंपनीने पावले मोजणारे यंत्र बाजारात आणले आणि त्याला दहा हजार पावलांचे नाव दिले. आकडा गोल होता, लक्षात राहणारा होता, म्हणून तो जगभर पसरला. पुढे शास्त्रज्ञांनी प्रत्यक्ष मोजमाप केले तेव्हा चित्र बरेच दिलासादायक निघाले. 2019 साली अमेरिकेतील वृद्ध महिलांच्या अभ्यासात दिवसाला सुमारे 2700 पावले चालणाऱ्यांपेक्षा 4400 पावले चालणाऱ्यांचा मृत्युदर लक्षणीय कमी आढळला आणि साडेसात हजारांच्या पुढे फायदा फारसा वाढला नाही. 2022 मधल्या एका मोठ्या एकत्रित विश्लेषणात साठीच्या पुढच्यांसाठी सहा ते आठ हजार आणि त्याहून तरुणांसाठी आठ ते दहा हजार पावलांच्या आसपास लाभ स्थिरावलेला दिसला. जो आज दोन हजारच पावले टाकतो त्याने चार हजारांवर जाणे, हा सगळ्यांत मोठ्या फायद्याचा टप्पा आहे. तिथून पुढची वाढ सवडीने करावी.

रेंगाळत चालणे

याच्या अगदी उलट चूक म्हणजे चौघांनी रस्ताभर आडवे पसरून केळीच्या भावाची आणि कापसाच्या गाठींची चर्चा करत तासभर रमतगमत फिरणे. मनाला त्याचा फायदा आहेच, गप्पांनी एकटेपणा जातो, त्यामुळे ते बंद करावे असे मी म्हणणार नाही. पण हृदयाला आणि साखरेला हवा असलेला जोर त्यात नसतो. जोर पुरेसा आहे की नाही हे ओळखण्यासाठी महागडे घड्याळ लागत नाही. चालताना सोबत्याशी वाक्य बोलता यावे, मात्र गाणे म्हणता येऊ नये, ही साधी कसोटी डॉक्टरही वापरतात. आणखी मोजून पाहायचे तर पंधरा सेकंदांत साधारण पंचवीस पावले पडावीत, म्हणजे मिनिटाला शंभर. गुडघेदुखी असलेल्या किंवा सत्तरीच्या पुढच्या माणसाला याहून कमी गतीतही तेवढाच श्रम होऊ शकतो, म्हणून त्यांनी आकड्यापेक्षा श्वासाकडे लक्ष द्यावे. रक्तदाबासाठी किंवा हृदयासाठी मेटोप्रोलॉल, अटेनोलॉल यांसारख्या गोळ्या चालू असतील तर नाडीचा वेग औषधामुळेच दबलेला असतो आणि घड्याळावरचा ठोक्यांचा आकडा दिशाभूल करतो. अशांनाही बोलण्याची कसोटीच उपयोगी पडते.

तासभर एकसारखे चालणे जमत नसेल तर तीन मिनिटे सावकाश आणि एक मिनिट वेगाने, असे आलटून-पालटून चालावे. गप्पांचा फड जमवायचाच असेल तर तो शेवटच्या दहा मिनिटांसाठी राखून ठेवावा.

ऊन, उकाडा आणि चिखल

खान्देशात चालणाऱ्याची खरी परीक्षा मार्चनंतर सुरू होते. भुसावळ, जळगाव, धुळे या पट्ट्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा 43-44 अंशांवर जाणे नेहमीचे आहे आणि काही दिवस तो 45 च्याही वर चढतो. मुंबई-पुण्याच्या वाचकांसाठी लिहिलेला 'सकाळी सात वाजता फिरायला जा' हा सल्ला इथे मे महिन्यात चालत नाही, कारण आपल्याकडे त्या दिवसांत पावणेसहाच्या सुमारास सूर्य उगवतो आणि सातला ऊन चटके देऊ लागते. पाचच्या ठोक्याला निघून सहा-सव्वासहापर्यंत घरी परतणे हेच शहाणपणाचे. संध्याकाळचा पर्याय दिसायला चांगला असला तरी दिवसभर तापलेले डांबर आणि सिमेंटच्या भिंती रात्री उशिरापर्यंत उष्णता ओकत राहतात. संध्याकाळीच चालायचे असेल तर वस्तीबाहेरचा, झाडांचा, मातीचा रस्ता धरावा.

आपल्याकडचा उन्हाळा कोरडा असतो आणि त्यातच धोका लपलेला आहे. घाम येतो तसा लगेच वाळतो, कपडे ओले होत नाहीत, त्यामुळे अंगातले पाणी किती गेले याचा अंदाज येत नाही. तोंड कोरडे पडण्याची वाट न पाहता निघण्याआधी पेलाभर पाणी प्यावे आणि परतल्यावर पाणी, मीठ घातलेले ताक किंवा लिंबूपाणी घ्यावे. खूप घाम गेला असेल, अशक्तपणा वाटत असेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून केलेले जलसंजीवनीचे पाणी घोट-घोट प्यावे. हृदय किंवा मूत्रपिंडाच्या विकारामुळे ज्यांच्या पाण्यावर आणि मिठावर बंधन आहे, तसेच ज्यांना लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू आहेत, त्यांनी उन्हाळ्यातल्या चालण्याविषयी आणि पाण्याच्या प्रमाणाविषयी आधी डॉक्टरांशी बोलावे. डोक्याला मोठा सुती रुमाल बांधणे ही आपल्याकडची जुनी रीत उत्तम आहे. खिशात कांदा ठेवल्याने ऊन लागत नाही, या समजुतीला मात्र काही आधार नाही. कांदा जेवणात खावा आणि डोके रुमालाने झाकावे.

चालताना डोके दुखू लागणे, मळमळ, पायात गोळे येणे, अंग लटपटणे ही उष्णतेच्या त्रासाची पहिली चिन्हे आहेत. तिथेच थांबावे, सावलीत बसावे, मान आणि काखा ओल्या कपड्याने पुसाव्यात. माणूस असंबद्ध बोलू लागला, अंग भट्टीसारखे तापले किंवा शुद्ध हरपू लागली तर तो उष्माघात असतो. अशा वेळी अंगावर पाणी ओतत, वारा घालत 108 क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी आणि बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नये. उन्हाची सवय शरीराला हळूहळू होते, त्याला साधारण एक ते दोन आठवडे लागतात. म्हणून थंड हवेच्या गावी महिनाभर राहून मे महिन्यात परतलेल्या माणसाने दुसऱ्याच दिवशी आपला जुना फेरा मारण्याची घाई करू नये.

पावसाळ्यात अडचण बदलते. हवा दमट झाली की घाम वाळत नाही आणि अंग थंड होत नाही, म्हणून पारा तिशीत असतानाही जुलैमध्ये लवकर थकवा येतो. शिवाय तापीकाठची काळी माती एकदा भिजली की शेतरस्त्याने चालणे म्हणजे प्रत्येक पावलाला चिखलाचा लगदा उचलणे. अशा वाटेवर घसरून मनगट मोडून घेण्यापेक्षा घराची गच्ची, मंगल कार्यालयाचे रिकामे आवार, देवळाचा सभामंडप किंवा शाळेचा व्हरांडा बरा. बांधावरून जावेच लागले तर हातात बॅटरी आणि पायात बंद बूट असावेत, कारण हेच दिवस सापांचेही असतात.

हिवाळा चालण्याला सर्वांत अनुकूल खरा, पण धुळे-जळगावकडे पारा दहा अंशांच्या खाली उतरतो तेव्हा थंडीने रक्तवाहिन्या आकसतात आणि रक्तदाब वाढतो. हृदयरोग्यांनी त्या दिवसांत पहाटे पाचचा हट्ट सोडावा आणि ऊन पडल्यावर, कान-छाती झाकून निघावे. शेकोट्यांचा आणि कचरा जाळल्याचा धूर थंडीत जमिनीलगत साचून राहतो, त्यामुळे दमेकऱ्यांनाही उशिराची वेळच मानवते.

पायात काय आहे

चपलेवर चालणे ही आपली सवय इतकी जुनी आहे की बुटाला खर्च करणे चैनीचे वाटते. सपाट रबरी चपलेत टाचेला आधार मिळत नाही, ती निसटू नये म्हणून बोटे सतत आवळलेली राहतात आणि सगळा ताण तळपायावर येतो. फार महागड्या बुटाची गरज नसते. बुटाची टाचेची बाजू घट्ट असावी, बूट बोटांच्या सांध्यापाशी वाकावा, मध्यभागी दुमडू नये, आणि सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याएवढी जागा उरावी. खरेदी संध्याकाळी करावी, कारण दिवसभरात पाय थोडे सुजतात आणि सकाळी नेमका बसलेला बूट संध्याकाळी चावतो. नऊवारी-पाचवारीवर बूट कसे दिसतील या संकोचापायी कित्येक काकू आणि मावशी चपलेवरच चालतात. टाचदुखीची तक्रार त्यांच्याकडून जास्त ऐकू येते हा योगायोग मानायला मी तयार नाही.

सकाळी अंथरुणातून उठून पहिली काही पावले टाकताना टाचेत कळ येत असेल आणि थोडे चालल्यावर ती ओसरत असेल, तर बहुधा तळपायाचा पडदा सुजलेला असतो. चालण्याची वेळ निम्म्यावर आणावी, घरातही फरशीवर अनवाणी फिरू नये, भिंतीला हात टेकून पोटरी ताणण्याचा व्यायाम दिवसातून दोन-तीनदा करावा आणि गोठवलेल्या पाण्याची बाटली तळपायाखाली फिरवावी. नडगीच्या पुढच्या बाजूला दुखत असेल तर आठवडाभर वेग आणि अंतर कमी करून मऊ जमिनीवर चालावे. एकाच ठिकाणी बोट ठेवल्यावर तीव्र दुखत असेल तर हाडाला बारीक चीर गेलेली असू शकते, तेव्हा दाखवून घेणे भाग आहे.

गुडघ्यांविषयी मोठा गैरसमज आहे. 'चालून चालून गुडघे झिजतील' असे सांगून घरातलेच लोक आजीला बसवून ठेवतात. सांध्यातल्या हाडांच्या टोकांवर असलेल्या गुळगुळीत कूर्चेला रक्तपुरवठा नसतो. सांध्यावर भार पडला आणि सुटला की त्या दाबाने तिच्यात पोषक द्रव आत-बाहेर होतो, म्हणून बेताच्या हालचालीने ती टिकायला मदतच होते. शिवाय एक किलो वजन उतरले तर प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी कमी होतो, असे वजनदार गुडघेदुखीग्रस्तांच्या मोजणीत आढळले आहे. चालल्यावर दुखणे थोडे वाढून दुसऱ्या दिवसापर्यंत उतरत असेल तर चालू ठेवावे. गुडघा सुजत असेल, अडकत असेल किंवा दगा देत असेल तर थांबावे.

मधुमेही माणसाच्या पायाला बधिरपणा आला असेल तर खडा टोचलेला कळत नाही. अशा पायाला मऊ तळाची एमसीआर (मायक्रोसेल्युलर रबराची) चप्पल किंवा योग्य बूट आणि सुती मोजे हवेत. बूट घालण्याआधी तो उपडा करून झटकावा आणि रोज रात्री तळपाय आरशात पाहावेत. हिरवळीवर अनवाणी चालण्याचा सल्ला अशांसाठी नाही.

रिकाम्या पोटी चालणे आणि चालून आल्यावरचे खाणे

ज्यांना इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड, ग्लायक्लाझाइड यांसारख्या गोळ्या चालू आहेत त्यांची साखर रिकाम्या पोटी चालताना एकदम खाली येऊ शकते. एकादशी, नवरात्र, श्रावणी सोमवार या उपवासांच्या दिवशी हा धोका आणखी वाढतो. हात थरथरणे, दरदरून घाम, धडधड, अचानक कडकडून भूक अशी लक्षणे दिसली की चालणे थांबवून तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यातून घ्यावे, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे आणि 70 च्या खाली असेल तर तेवढेच पुन्हा घ्यावे. खिशात साखरेची पुडी ठेवायला लाज वाटू नये. ज्यांना फक्त मेटफॉर्मिन आहे त्यांच्यात हा धोका फार कमी असतो.

या मंडळींसाठी एक सोयीची गोष्ट आहे. 2016 साली न्यूझीलंडमधल्या ओटागो विद्यापीठाच्या संशोधकांनी मधुमेह्यांमध्ये तुलना केली. रोज एकदाच सलग अर्धा तास चालण्यापेक्षा तिन्ही जेवणांनंतर दहा-दहा मिनिटे चालल्यावर जेवणानंतरची साखर सरासरी 12 टक्क्यांनी, आणि रात्रीच्या जेवणानंतरची 22 टक्क्यांनी कमी राहिली. आकुंचन पावणारा स्नायू इन्सुलिनची फारशी वाट न पाहता रक्तातली साखर आत ओढून घेतो, हे त्यामागचे कारण. आपल्याकडे दुकान वाढवून व्यापारी साडेनऊ-दहाला घरी येतो, भरीत-भाकरी किंवा वरण-बट्टी जेवतो आणि थेट खाटेवर आडवा होतो. त्याला पहाटेचा वेळ मिळत नसेल तर रात्री जेवून दहा-पंधरा मिनिटांची शतपावली त्याच्या साखरेसाठी मोलाची ठरेल.

वजन उतरत नाही, या तक्रारीचे मूळ बहुतेक वेळा चालण्यात सापडत नाही. सत्तर किलोचा माणूस अर्धा तास बऱ्यापैकी वेगाने चालला तर सुमारे सव्वाशे कॅलरी खर्च होतात. परतताना टपरीवर शंभर ग्रॅम जिलेबी खाल्ली तर त्याच्या दुपटीहून जास्त परत येतात, आणि सोबत कचोरी असेल तर हिशेब न केलेलाच बरा. 'आज चाललो आहे, एवढे चालते' हा विचार चालणाऱ्यांच्या टोळक्यात फार लवकर रुजतो. टोळके चहापुरतेच थांबेल असे आधीच ठरवून घ्यावे. वजनकाट्यापेक्षा कमरेचा घेर महिन्यातून एकदा मोजावा. वजन तेच राहूनही पोटावरची चरबी कमी होऊ शकते, आणि तसे न झाले तरी साखर, रक्तदाब व झोपेवरचा लाभ मिळतोच.

सकाळी तास, मग दिवसभर बैठक

पहाटे तासभर चालून पुढचे दहा तास गल्ल्यावर किंवा संगणकासमोर बसणाऱ्याने दर अर्ध्या-पाऊण तासाने दोन-तीन मिनिटे उठून फिरावे. फोन आला की उभे राहून बोलावे. शेतात निंदणी आणि कापूस वेचणी करणाऱ्या बाईला मात्र 'रोज चालत जा' असे सांगणे हा तिच्या श्रमांचा अपमान आहे. तिची हालचाल भरपूर झालेली असते. तिला कंबर ताणण्याचे व्यायाम, पोटभर सकस जेवण आणि विश्रांती यांची जास्त गरज आहे.

नुसत्या चालण्याने दंडाचे, पाठीचे आणि मांड्यांचे बळ पुरेसे राखले जात नाही. आठवड्यातून दोन दिवस ताकदीचे व्यायाम करावेत, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या याच सूचना सांगतात. हाताचा आधार न घेता खुर्चीवरून दहा वेळा उठणे-बसणे, भिंतीवर हात टेकून दंड काढणे आणि पायरीवर टाचा उचलणे एवढ्याने सुरुवात होते. पासष्टीनंतर तोल सांभाळण्याचे व्यायामही जोडावेत.

रस्ता

मुंबई-आग्रा किंवा सुरत-नागपूर महामार्गाच्या कडेने चालण्याची सवय तापी-पांझरेकाठच्या अनेक गावांत आहे आणि ती सोडलेलीच बरी. दुसरी वाट नसेल तर पदपथ नसलेल्या रस्त्यावर उजव्या बाजूने, म्हणजे समोरून येणारी वाहने दिसतील असे चालावे. फिकट रंगाचे किंवा प्रकाशात चमकणारे कपडे घालावेत आणि दोन्ही कानांत गाणी लावू नयेत. अंधारात एकटीने निघणे बायकांना अवघड जाते हे खरे आहे, म्हणून गल्लीतल्या तिघी-चौघींनी एकत्र निघावे, नाहीतर गच्ची आहेच.

'गॅस झाला असेल'

चालताना छातीच्या मध्यभागी दाब येणे, तो जबड्यात किंवा डाव्या हातात उतरणे आणि थांबल्यावर दोन-तीन मिनिटांत निवळणे, ही हृदयाला रक्त कमी पडत असल्याची नेहमीची खूण आहे. आपल्याकडे तिला सर्रास गॅस म्हटले जाते, सोडा किंवा ओवा घेतला जातो आणि दुसऱ्या दिवशी माणूस पुन्हा त्याच चढावर चालू लागतो. असा त्रास एकदा जरी झाला तरी चालणे थांबवून हृदयाची तपासणी करून घ्यावी. थांबल्यावरही दुखणे जात नसेल, घाम फुटला असेल तर घरी जाऊन पडून राहू नये, तडक रुग्णालय गाठावे. मधुमेह्यांमध्ये छातीत न दुखता नुसता दम लागणे हेही तेच लक्षण असू शकते. ठराविक अंतर चालल्यावर पोटरीत गोळा येऊन थांबल्यावर तो जात असेल तर पायाच्या रक्तवाहिन्या आकसलेल्या असण्याची शक्यता असते, विशेषतः तंबाखू आणि विडी ओढणाऱ्यांत.

रक्तदाबाचा आकडा दोन महिन्यांत चांगला आला की 'आता चालतोच आहे' म्हणून गोळी परस्पर बंद करणारे जिभाऊ आणि आप्पा प्रत्येक गावात भेटतात. चालण्याने औषधाचा डोस कमी होऊ शकतो, कधी औषध थांबूही शकते, मात्र तो निर्णय मोजलेल्या आकड्यांची वही दाखवून डॉक्टरांकडूनच घ्यावा.

खंड पडल्यावर

कापूस वेचणी, लग्नसराई, डेंग्यूचा ताप, घरातले आजारपण यांपैकी कशाने तरी नेम मोडणारच. बहुतेक जण तेवढ्यावरून सगळेच सोडून देतात, किंवा गमावलेले दिवस भरून काढण्यासाठी पहिल्याच दिवशी दुप्पट चालतात. लग्नघरात दहा मिनिटेही मिळत असतील तर ती साधावीत, सवय तेवढ्याने जिवंत राहते. आठवड्याचा खंड असेल तर पूर्वीच्याच वेळेला सावकाश गतीने सुरुवात करावी. दोन आठवड्यांहून जास्त असेल तर निम्म्या वेळेपासून चढत जावे. ताप उतरल्यावर अंगदुखी आणि थकवा पुरता गेल्याशिवाय वेग वाढवू नये. या काळात मधुमेहाची औषधे बदलली असतील तर पहिले चार-पाच दिवस चालण्याआधी आणि नंतर साखर मोजून मगच जुन्या अंतरावर यावे.